रेस दिली की गाडी ओढते: टॉर्क स्टीअर ओळखणं, शोधणं आणि कमी करणं

पुढच्या चाकांना ताकद देणाऱ्या गाडीत दुसऱ्या गिअरमध्ये पूर्ण रेस दिली की स्टीअरिंग हातात जड होतं आणि गाडी एका बाजूला ओढली जाते. पाय उचलला की उलट बाजूला छोटा झटका बसतो. हा टॉर्क स्टीअर. मुंबईत या नावाखाली इतरही बरंच काही खपतं: रस्त्याचा उतार, झिजलेला टायर, खड्ड्याने फाटलेला बुश (सस्पेन्शनच्या जोडातलं रबर), चिकटलेला ब्रेक. यातलं नेमकं काय आहे हे न शोधता अलाइनमेंटवर अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणं) करून घेतल्याने काहीच हाती लागत नाही.

एक गोष्ट सुरुवातीलाच पक्की धरा. गाडीच्या रचनेतून येणारा टॉर्क स्टीअर पहिल्या दिवशी जेवढा असतो तेवढाच पुढेही राहतो. गेल्या सहा महिन्यांत तो वाढला असेल, तर इंजिन बदललेलं नाही, दुसरं काहीतरी झिजलंय, सरकलंय किंवा कुणीतरी बदललंय. सगळी शोधाशोध त्या 'दुसऱ्या काहीतरी'ची असते.

दुसऱ्याच गिअरमध्ये का?

थोडं गणित केलं की चित्र स्पष्ट होतं. २५० न्यूटन-मीटर टॉर्कचं, म्हणजे फिरवणाऱ्या जोराचं, टर्बो इंजिन घ्या. स्कोडा स्लाविया-फोक्सवॅगन व्हर्टसचं १.५ टीएसआय किंवा ह्युंदाई व्हर्नाचं १.५ टर्बो साधारण याच घरातलं आहे. पहिल्या गिअरचं एकूण गुणोत्तर १४ आणि दुसऱ्याचं ८ धरू, चाकाची त्रिज्या ०.३१ मीटर. पहिल्या गिअरमध्ये प्रत्येक पुढच्या चाकावर सुमारे ५,६०० न्यूटन जोर येतो. पण त्या चाकावर वजन असतं पावणेचारशे किलोच्या आसपास, म्हणजे कोरड्या रस्त्यावर टायर फार तर ३,३०० न्यूटन पेलणार. त्यामुळे पहिल्यात चाक फिरतं किंवा ट्रॅक्शन कंट्रोल ताकद कापतो. दुसऱ्यात जोर होतो ३,२०० न्यूटन, टायरच्या मर्यादेला अगदी खेटून. टायर सुटत नाही आणि सगळा जोर सस्पेन्शनमधून जातो, म्हणून ओढ इथेच सर्वांत जास्त जाणवते. ओल्या रस्त्यावर पकड जवळपास निम्म्यावर येते, तेव्हा हाच खेळ तिसऱ्या गिअरपर्यंत जातो.

ओढ येते कुठून

आडव्या बसवलेल्या इंजिनात गिअरबॉक्स एका टोकाला असतो, आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांत डाव्या. त्यामुळे डिफरन्शिअल (दोन्ही चाकांना ताकद वाटून देणारा भाग) गाडीच्या मधोमध येत नाही. एका चाकाकडे जाणारा ड्राइव्ह शाफ्ट आखूड, दुसरा लांब. डिफरन्शिअल चाकाच्या केंद्रापेक्षा वर असेल तर आखूड शाफ्ट जास्त तिरका होतो. तिरक्या सीव्ही जॉइंटमधून (शाफ्टच्या टोकाचा, कोनातही फिरणारा सांधा) ताकद गेली की चाक फिरवण्यासोबत ते आत वळवणारा एक जोरही तयार होतो. तो टॉर्क गुणिले अर्ध्या कोनाचा टॅन्जंट इतका असतो. दोन्ही बाजूंचे कोन सारखे असतील तर दोन्ही जोर स्टीअरिंग रॅकमध्ये (दोन्ही चाकं वळवणारा आडवा दांडा) एकमेकांना खाऊन टाकतात. सारखे नसतील तर फरक स्टीअरिंगवर येतो. आखूड शाफ्टचं चाक जास्त जोराने आत वळू पाहतं, म्हणून गाडी साधारणपणे लांब शाफ्टच्या बाजूला ओढली जाते.

आकडे घालून बघू. आखूड शाफ्ट ३५० मिलिमीटर, लांब ६००, आणि रेसमुळे नाक उचललेलं असताना डिफरन्शिअल चाकाच्या केंद्रापेक्षा ४० मिलिमीटर वर. कोन येतात साडेसहा आणि पावणेचार अंशांच्या आसपास. प्रत्येक चाकाला हजार न्यूटन-मीटर मिळत असतील तर दोन्ही बाजूंतला फरक २४ न्यूटन-मीटर. आता स्प्रिंगमध्ये रबरी बफर घालून गाडी २० मिलिमीटर उचला. हाच फरक ३५ होतो, जवळजवळ दीडपट. सोसायटीचा रॅम्प घासतो, स्पीडब्रेकर लागतो म्हणून पुढे बफर टाकलेल्या गाड्या मुंबईत पैशाला पासरी आहेत, आणि 'तेव्हापासून गाडी ओढते' ही तक्रारही तितकीच. एका बाजूचा बफर सरकला किंवा निघून पडला असेल तर आणखी वाईट. आधी ते बफर काढा, मग पुढचं वाचा.

कंपन्यांनी यावर काढलेला जुना उपाय म्हणजे मधला शाफ्ट. लांब बाजूला इंजिनाच्या ब्लॉकवर बेअरिंगचा ब्रॅकेट बसवतात, तिथपर्यंत सरळ शाफ्ट येतो आणि त्यापुढे दोन्हीकडचे शाफ्ट जवळजवळ एका लांबीचे राहतात. गाडी लिफ्टवर असताना उजव्या शाफ्टवर असा ब्रॅकेट दिसतो का ते बघून घ्या. नसेल आणि इंजिन दमदार असेल, तर थोडी ओढ कायमचीच समजा. लांब-आखूड सरळ शाफ्ट असलेल्या काही गाड्यांत पीळ सारखा बसावा म्हणून लांब शाफ्ट जाड किंवा पोकळ केलेला असतो, म्हणून 'बसतो ना' एवढ्यावर दुसऱ्या मॉडेलचा शाफ्ट लावू नये.

दुसरा भाग वळणाच्या अक्षाचा. स्टीअरिंग फिरवल्यावर चाक ज्या तिरक्या रेषेभोवती वळतं ती रेषा आणि चाकाचं केंद्र यांत काही सेंटिमीटरचं अंतर असतं. इंजिनाचा जोर या अंतराला तरफ म्हणून वापरतो. इथे बऱ्याच लेखांत स्क्रब रेडियस, म्हणजे जमिनीवरचं अंतर सांगितलेलं असतं. ते चाकावरच्या ब्रेकसाठी महत्त्वाचं. ताकद शाफ्टने येते तेव्हा चाकाच्या केंद्राजवळचं अंतर मोजायचं. ५० मिलिमीटर तरफेवर ३,२०० न्यूटन म्हणजे प्रत्येक बाजूला १६० न्यूटन-मीटर. दोन्ही बाजू सारख्या असेपर्यंत हे जोर कटतात, पण थोडीशी तफावत झाली तरी आकडा किती मोठ्या बेरजेतून येतोय ते लक्षात घ्या. फोर्डने २००९ च्या फोकस आरएसमध्ये आणि होंडाने २०१७ च्या सिव्हिक टाइप आरमध्ये पुढच्या सस्पेन्शनची वेगळी रचना केली ती हेच अंतर कमी करण्यासाठी. आपल्या रोजच्या गाड्यांत साधा मॅकफर्सन स्ट्रटच (स्प्रिंग आणि शॉक अ‍ॅब्सॉर्बर एकत्र असलेला खांब) असतो.

आधी चाचणी

गाडी रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी, टायर थंड असताना हवा तपासा. चालकाच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवरचा आकडा धरा, पंपवाल्याच्या अंदाजाचा नाही. दोन्ही पुढच्या टायरमध्ये १ पीएसआयपेक्षा जास्त फरक नको. नायट्रोजन भरा की साधी हवा, ओढीत काही फरक पडत नाही.

रस्ता निवडताना घाई करू नका. सी लिंक किंवा अटल सेतू मोकळा दिसतो म्हणून मोह होतो, पण तिथे खाडीवरचा आडवा वारा गाडी ढकलतो, जोडांवर चाकं उडतात आणि थांबायची परवानगी नसते. सपाट, सरळ, कोरडा आणि रिकामा तुकडा हवा. रविवारी सकाळी महापे-रबाळे एमआयडीसीतले आतले रस्ते बरे, फक्त कडेला उभ्या ट्रकमागून कुणी येत नाही ना ते बघा. वेग ६० च्या वर न्यायची गरजच नाही. पाणी जावं म्हणून रस्त्यांना डावीकडे उतार असतो, त्यामुळे निर्दोष गाडीही हळूहळू डावीकडे जाते. शक्य असेल तर रस्त्याच्या मधल्या उंच भागावरून एकदा आणि कडेने एकदा चालवून बघा. पेव्हर ब्लॉकचे पॅच असलेला रस्ता चाचणीसाठी निकामी.

आता चार फेऱ्या. पहिली, ५० च्या वेगाला न्यूट्रलमध्ये टाकून हात सैल ठेवा. दुसरी, त्याच वेगाला हलकी, एकसारखी रेस. तिसरी, दुसऱ्या गिअरमध्ये २५ वरून पूर्ण रेस, ५०-५५ पर्यंत. ऑटोमॅटिक असेल तर मॅन्युअल मोडमध्ये. चौथी तीच, पण ५० ला पाय एकदम उचलून. तिसऱ्या-चौथ्या फेरीत हात नऊ-तीनवर, पकड हलकी पण दोन्ही हात जागेवर. ट्रॅक्शन कंट्रोल चालूच ठेवा. ओढ डावीकडे की उजवीकडे, आणि 'टक' असा आवाज आला का, हे शेजारी बसलेल्याने लिहून घ्यावं.

न्यूट्रलमध्येही तेवढीच ओढ असेल तर हा टॉर्क स्टीअर नाही. अलाइनमेंट, टायर, ब्रेक किंवा रस्ता. अशा वेळी फेरी संपल्यावर डिस्कला हात न लावता चाकाजवळ तळहात नेऊन उष्णता बघा. एक बाजू खूप तापली असेल तर त्या कॅलिपरचे स्लायडिंग पिन चिकटलेत. पावसाळ्यानंतर मुंबईत हे हमखास होतं.

फक्त रेस देताना एका बाजूला आणि पाय उचलताच उलट बाजूला, पण आवाज नाही: रचनेचा टॉर्क स्टीअर, किंवा नुकताच सैल होऊ लागलेला बुश. यासोबत 'टक' ऐकू आलं तर बुश किंवा इंजिन माउंटिंग (इंजिन धरणारा रबरी आधार) जवळपास नक्की. ओढीची दिशा दर वेळी बदलत असेल तर टायर रस्त्यावरच्या चरांमागे जातोय, किंवा बॉल जॉइंट, टाय रॉड एंड या सस्पेन्शन-स्टीअरिंगच्या सांध्यांमध्ये खेळ (सैलपणा) आहे. ओढ नाही, पण रेस देताना ४०-६० ला गाडी आडवी थरथरते आणि पाय उचलला की थांबते: शाफ्टच्या गिअरबॉक्सकडच्या टोकाचा, आतला ट्रायपॉड जॉइंट झिजलाय. पूर्ण वळणावर 'कट कट' वाजत असेल तर बाहेरचा सीव्ही जॉइंट गेलाय. त्याचा टॉर्क स्टीअरशी फारसा संबंध नाही, पण बदलावा लागेलच.

तपासणी, स्वस्तापासून सुरू

पुढचे दोन टायर एकाच कंपनीचे, एकाच पॅटर्नचे आणि जवळपास सारखे झिजलेले हवेत. एक फाटला म्हणून एकच नवा टाकलेली गाडी जोर दिल्यावर ओढणारच. दोन्हींची नक्षी डेप्थ गेजने तीन ठिकाणी मोजा. १.६ मिलिमीटर ही कायद्याची किमान मर्यादा. मुंबईच्या पावसात ३ च्या खाली गेलेल्या टायरवर पकड आणि सरळपणा दोन्ही कमी होतात. मग पुढचे टायर आपापसांत बदला आणि चाचणी परत करा. ओढ बाजू बदलते का? मग टायरच दोषी. टायरवर फिरण्याच्या दिशेचा बाण असेल तर डावा-उजवा बदलता येत नाही, तेव्हा पुढची जोडी मागे आणि मागची पुढे टाका.

आता लोअर आर्मचे (चाकाला खालून गाडीशी जोडणारा दांडा) बुश. मुंबईत टॉर्क स्टीअर 'वाढण्याचं' सर्वांत नेहमीचं कारण हेच, म्हणून इथे वेळ द्या. रेस दिली की चाक लोअर आर्मला पुढे ढकलतं, पाय उचलला की मागे. हा मार मुख्यतः आर्मच्या मागच्या, मोठ्या बुशवर पडतो. एका बाजूचा बुश मऊ झाला की ते चाक दुसऱ्यापेक्षा जास्त सरकतं आणि त्याचा टो (वरून बघितल्यावर चाक आत-बाहेर वळल्याचा कोन) बदलतो. मग शाफ्ट कितीही सारखे असोत, गाडी ओढणार.

गाडी चाकांवर उभी राहील अशा चार खांबी लिफ्टवर किंवा खड्ड्यावर घ्या, लटकती नको. पहारीने आर्म मागे-पुढे ढकलून दोन्ही बाजू तोलून बघा. थोडं दबणं ठीक. धातूवर धातू लागल्याचा आवाज, रबर आणि बाहेरच्या कड्यात फट, किंवा तेलकट ओघळ असेल तर बुश बदला. तेलकट ओघळ म्हणजे द्रव भरलेला हायड्रो बुश फुटलाय. एक सावधगिरी: या बुशमध्ये मुद्दाम ठेवलेल्या पोकळ्या असतात. त्या बघून 'फाटला' म्हणत चांगला बुश बदलायला लावणारे कमी नाहीत. फाटलेला भाग दातेरी आणि वेडावाकडा दिसतो, पोकळीच्या कडा गुळगुळीत.

बदलताना तीन गोष्टी मेकॅनिककडून करूनच घ्या. दोन्ही बाजू एकदम. पोकळ्यांची दिशा जुन्यासारखीच, म्हणजे बाहेरच्या कड्यावरची खूण आर्मवरच्या खुणेशी जुळवून. ९० अंश चुकलं तर नवा बुशही मऊच वागतो. आणि सर्वांत महत्त्वाचं, बुशचे बोल्ट शेवटचे आवळायचे ते गाडी चाकांवर, स्वतःच्या वजनावर असताना. लटकत्या गाडीत आवळले तर गाडी खाली येताच रबर कायमचं पिळलं जातं आणि काही महिन्यांत फाटतं. 'नवीन टाकला तरी परत गेला' यामागे माल खराब असण्यापेक्षा हेच कारण जास्त वेळा असतं. पॉलियुरेथेन बुशने ओढ कमी होते खरी, पण आपल्या खड्ड्यांचा प्रत्येक दणका सरळ सबफ्रेममध्ये (आर्म बसवलेली खालची चौकट) जातो आणि किरकिरही येते. रोज अंधेरी-ठाणे करणाऱ्या गाडीला कंपनीचं रबरच बरं.

इंजिन माउंटिंगची तपासणी दोन मिनिटांची. बॉनेट उघडं, हँडब्रेक ओढलेला, चाकांना ठोकळे, पाय ब्रेकवर घट्ट आणि गाडीच्या पुढे-मागे कुणीही नाही. ऑटोमॅटिकमध्ये डी, मग आर. मॅन्युअलमध्ये पहिला आणि रिव्हर्स, क्लच किंचित सोडून. बाजूला उभ्या माणसाने इंजिन बघायचं. थोडं झुकणं स्वाभाविक. उडी मारून आदळत असेल तर खालचा टॉर्क रॉड, ज्याला गॅरेजमध्ये डॉगबोन म्हणतात, तो आधी बघा. इंजिन झुकलं की डिफरन्शिअल हलतं आणि शाफ्टचे कोन भर रेसमध्ये बदलतात.

टाय रॉड एंड, बॉल जॉइंट आणि रॅकमधला खेळ नेहमीच्या पद्धतीने, चाक नऊ-तीन आणि बारा-सहावर हलवून बघा. सीव्ही बूट फाटून ग्रीस उडालं असेल तर लगेच बदला. जुलैत पाणी आत गेलं की जॉइंट फार टिकत नाही. कुर्ल्याच्या बाजारातून जुना शाफ्ट घेणार असाल तर लांबी, दात आणि एबीएसची रिंग जुन्या शाफ्टशेजारी ठेवून मोजा.

अलाइनमेंट सगळ्यात शेवटी. आधी केली तर बुश बदलल्यावर परत करावी लागते. आधीचा आणि नंतरचा, दोन्ही प्रिंट मागा आणि फक्त 'टो'चे हिरवे आकडे बघून खूश होऊ नका. डाव्या-उजव्या कॅम्बरमध्ये (समोरून दिसणारा चाकाचा कल) किंवा कॅस्टरमध्ये (वळणाच्या अक्षाचा मागे-पुढे कल) अर्ध्या अंशापेक्षा जास्त फरक असेल तर तिथेच थांबा. बहुतेक छोट्या गाड्यांत हे दोन्ही कोन मशीनवर बदलता येत नाहीत, त्यामुळे 'हे आमच्या हातात नाही' असं उत्तर मिळतं. खरं कारण वाकलेला आर्म किंवा स्ट्रट, नाहीतर क्लचचं काम करताना खाली उतरवून तिरका परत बसवलेला सबफ्रेम. सबफ्रेमचे बोल्ट सैल करून तो मध्यावर आणता येतो. अनेक गाड्यांत हे बोल्ट ठरावीक टॉर्क आणि त्यावर ठरावीक अंश आवळायचे, एकदाच वापरायचे असतात. मग नवे बोल्ट घ्या.

बदल करणाऱ्यांसाठी

ईसीयू रिमॅप (इंजिनाच्या संगणकाची सेटिंग बदलणं) करताना पहिल्या आणि दुसऱ्या गिअरचा टॉर्क मर्यादित ठेवायला सांगा. वेळेत फरक नगण्य, कारण तिथे टायरच पुरत नाही. रुंद अलॉय घेताना ऑफसेटचा (रिमच्या मध्यापासून बसवायच्या पृष्ठभागाचं अंतर) आकडा बघा: ऑफसेट १० मिलिमीटरने कमी म्हणजे चाकाचं केंद्र तेवढं बाहेर, वरच्या उदाहरणातली ५० ची तरफ ६०, थेट २० टक्के वाढ. चाकामागे घालायच्या स्पेसरच्या चकतीचंही तेच. लिमिटेड स्लिप डिफरन्शिअलने (एक चाक मोकळं फिरू न देणारा प्रकार) वळणातून बाहेर पडताना पकड वाढते, पण ते दोन चाकांना असमान टॉर्क देतं, त्यामुळे खडबडीत रस्त्यावर स्टीअरिंग जास्तच भांडतं. रोजच्या गाडीत नको, असं आमचं मत.

पुढची चाकं चालवणाऱ्या इलेक्ट्रिक गाड्यांत टॉर्क शून्य वेगापासून हजर असतो. ३९५ न्यूटन-मीटरची ह्युंदाई कोना इलेक्ट्रिक ओल्या रस्त्यावर चाकं फिरवायची ती यामुळेच. जोरदार रिजनमध्ये (पाय उचलल्यावर मोटरनेच ब्रेक लावून बॅटरी चार्ज करणं) पाय उचलल्यावरची उलटी ओढही जास्त जाणवते. पावसात इको मोड आणि रिजनची खालची पातळी ठेवा.

चालवताना

गाडी आधी सरळ करा, मग रेस द्या. सिग्नलवरून उजवीकडे वळता वळता पूर्ण रेस दिली तर शाफ्टचे कोन आणि चाकांवरचं वजन दोन्ही असमान असतात. पाय एका सेकंदात हळूहळू दाबा, एकदम नाही. ओढ सुरू झाली तर पाय झटकन उचलू नका, ओढ उलटते आणि तुमचे हात अजून जुन्या बाजूला जोर देत असतात; थोडी रेस कमी करा आणि हात स्थिर ठेवा. जून ते सप्टेंबर मेट्रोच्या कामावरच्या लोखंडी प्लेट, झेब्रा क्रॉसिंगचा रंग आणि मॅनहोलची झाकणं यांच्यावर एक चाक असताना रेस नकोच. एक चाक सुटून पुन्हा पकड धरतं त्या क्षणी जो झटका बसतो, तो कुठलाही नवा बुश थांबवू शकत नाही.